उशिरा घेतलेला श्वास

तारकपूर स्टँडवर एसटीतून उतरल्या उतरल्या कुणीतरी हाक मारली असं भागवतला वाटलं आणि तो वळला. हाक नव्हती. रिक्षांच्या रांगेत कुणाचा तरी मोबाईल वाजत होता आणि त्यातून एक घोगरा, दमलेला, मध्येच किंचित तुटणारा आवाज येत होता, "मी हितंच हाय. जायचं कुठं?" जरा थांबून पुन्हा तेच, "मी हितंच हाय. जायचं कुठं?" वाक्य सिनेमातलं होतं. सिनेमात ते बोलणारा चेहरा भागवतचा होता आणि आवाज भागवतचा नव्हता, हे उभ्या महाराष्ट्रात फार तर दहा-बारा माणसांना ठाऊक असेल. त्या दहा-बारा जणांत तो स्वतः होता, आणि तरी तो वळला होता. नाव ऐकल्यावर माणूस वळतो तसाच, मान आधी आणि खांदे मागून. एका हातात राजूरच्या पेढ्यांचा पुडा, खांद्यावर कपड्यांची पिशवी, अंगात आठ दिवसांच्या शूटिंगचा शिणवटा, आणि भर दुपारी नगरच्या स्टँडवर हा बाबा दुसऱ्याच्या आवाजाला आपला समजून ओ द्यायला निघालेला. 

मोबाईलवाला रिक्षावालाच होता. फैयाज त्याचं नाव, हे पुढं कळलं. पस्तिशी उलटलेला, गळ्यात रुमाल, दाढी नीट कातरलेली. फोन येण्याआधी, एसटी स्टँडवर शिरत होती तेव्हा, तो "माळीवाडा, सक्कर चौक, केडगाव, माळीवाडा, सक्कर चौक, केडगाव" अशी आरोळी एका दमात पाच-सहा वेळा फिरवत होता, आणि त्याचा दम कुठं संपतो हे भागवतच्या कानानं आपोआप मोजलंही होतं. जुन्या धंद्याची खोड. फैयाजनं फोन कापला, भागवतकडे पाहिलं, फोनच्या पडद्याकडे पाहिलं, पुन्हा भागवतकडे पाहिलं आणि मामा, तुम्ही तेच का, असं विचारलं. मग व्हायचं ते झालं. दोन रिक्षावाले जवळ आले, उसाचा रस पिणारं एक जोडपं सरकलं, कुणीतरी म्हणालं की एकदा म्हणून दाखवा ना. भागवतला घाई होती. इतकी घाई त्याला आयुष्यात कधी नव्हती. तरी त्यानं मान थोडी खाली घातली, नजर समोरच्या डबक्यावर ठेवली, आणि मोबाईलमधला तो दुसऱ्याचा घोगरा आवाज जसाच्या तसा आपल्या गळ्यातून काढून दाखवला. लोक खूष झाले. लोक खूष झालेले पाहून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची त्याला इतकी शरम वाटली की पेढ्यांचा पुडा हातात चेपला गेला.

कारण सकाळीच दिपालीचा, त्याच्या बायकोचा, फोन आला होता. म्हणजे फोन तीन दिवस येत होते. राजूरच्या वर डोंगरात जिथं शूटिंग होतं तिथं रेंजच नव्हती. एसटी घाट उतरून अकोले गावाजवळ आली तेव्हा खिशातला मोबाईल थरथरायला लागला तो थांबेचना. एकोणीस फोन येऊन गेलेले. अक्काला, त्याच्या थोरल्या बहिणीला, तीन दिवसांपूर्वी पारनेरहून नगरला आणलं होतं. केडगावच्या अलीकडे पहिला जो दवाखाना लागला त्यात ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते आज, फार तर उद्या. दिपाली रडत नव्हती. ती म्हणाली, "त्यांचं काहीच मागनं न्हाई हो. पानी बी नगं म्हनत्यात. दाराकडं तोंड करून नुसतं भागवता, भागवता करत्यात. तुमचा ओ ऐकला की सुटतील त्या. लवकर या." एवढंच. पुढची अडीच-तीन तासांची वाट त्यानं खिडकीशी बसून काढली, आणि त्यातला निम्मा वेळ आपण खिडकीशी बसलेले कसे दिसतो आहोत हे त्याला दिसत होतं. बहीण मरणाच्या दारात, भाऊ एसटीच्या खिडकीशी, गजावर कपाळ टेकलेलं. एकदा तर त्यानं कपाळ काढून घेतलं, कारण ते फार छान टेकलं होतं.

फैयाजनं त्याला एकट्यालाच रिक्षात घेतलं. दुसरी सवारी घेतली नाही, पैसेही घेणार नाही म्हणाला. रिक्षा दिल्ली गेटाकडे वळली. आरशात भागवतचा चेहरा अर्धा दिसत होता, आणि फैयाजही अधूनमधून आरशात त्याच चेहऱ्याकडे बघत होता. हा चेहरा. तीन वर्षांपूर्वीपर्यंत भागवतला चेहरा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्याच्याही नाही. पारनेरच्या यार्डात तो कांद्याचा लिलाव पुकारायचा. आडतदाराकडे पगारावर होता. एकेका शेतकऱ्याचा माल म्हणजे एक वक्कल, वक्कलं ओळीनं लागलेली, एक झालं की पुढचं, मागं व्यापाऱ्यांचा घोळका, आणि गोण्यांवर उभा राहून भागवत भाव चढवत नेणार. बावीस वर्षं केलं त्यानं हे. माईक नाही, भोंगा नाही. त्याच्या पुकाराची ख्याती अशी की बोली चढत असताना तो श्वासच घेत नसे. इतर पुकारणारे मध्ये थांबतात, आणि त्या थांबण्यात व्यापाऱ्याला विचार करायला फट सापडते, भाव तिथंच बसतो. भागवत फट ठेवत नसे. व्यापारी त्याला शिव्या घालत आणि शेतकरी आपलं वक्कल त्याच्याच हाताखाली यावं म्हणून पहाटे येऊन बसत. यार्डाच्या भिंतीपलीकडच्या आळीत त्याचं घर होतं. घरात बसलेल्या अक्काला प्रत्येक पुकार ऐकू येई. शेवटचं वक्कल झालं हे तिला आवाजाच्या उतरत्या शेपटावरून कळे, आणि मग ती भात टाकी. तो पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भात झालेला असे. अक्काला डोळे नव्हते. काचबिंदूनं चाळिशीतच गेले होते. पण वेळ चुकली असं बावीस वर्षांत एकदाही झालं नाही.

मग अश्विनी आली. पुण्याची दिग्दर्शिका, वागायला साधी. यार्डाचे आवाज घ्यायला म्हणून आली होती, बरोबर एक मशीनवाला. दोन दिवस तिनं आवाज घेतले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, भागवतदादा, तुम्ही दोन वक्कलांच्या मध्ये गप्प उभे राहता ना, तेव्हाचा तुमचा चेहरा मला हवाय. त्याला वाटलं चेष्टा करतेय. दोन वक्कलांच्या मध्ये तो काही करत नसे. रिकामा झालेला असे, इतकंच. पण तिला रिकामाच हवा होता. सिनेमात एक बाप होता, ज्याचा मुलगा घर सोडून गेलाय आणि बाप ओट्यावर बसून राहिलाय. भागवतला मूलबाळ नव्हतं, ओटा होता. शूटिंगला अश्विनी एकच सांगायची, "काही करू नका. फक्त बघा." पहिल्या दिवशी त्याला ते फार सोपं वाटलं. तो बघायचा. कॅमेरा त्याला बघायचा. तेच बघणं ती सात वेळा, नऊ वेळा करून घ्यायची, आणि एक मुलगी वहीत लिहून घ्यायची की चहाची कपबशी कुठल्या हातात होती, टोपी किती तिरकी होती, डोळा कुठल्या शब्दाला मिटला. पाचव्यांदा तेच करताना भागवतला पहिल्यांदा समजलं की आपल्याला दोन हात आहेत आणि त्यातला एक आत्ता उगीच लोंबतो आहे. ते समजलेलं परत न समजलेलं करता येईना. रात्री घरी जेवताना दिपाली म्हणाली, वाटी का अशी न्याहाळताय. त्याला सांगता आलं नाही की वाटी डाव्या हातात होती का उजव्या, एवढंच तो बघत होता.

रिक्षा सिग्नलला थांबली. शेजारच्या मोटरसायकलवरची बाई त्याच्याकडे बघून हसली. त्यानंही हसून दिलं, तेच ते थोडं खचलेलं हसू. लोकांना ते आवडतं. दोन वर्षांत त्याच्याकडे दुसरं हसूच उरलं नव्हतं.

सिनेमा लागला तेव्हा त्यानं सगळी आळी जीपमध्ये घालून नगरला आणली होती. अक्का पुढच्या सीटवर, नवं नऊवारी, डोक्याला तेल. दिसत नाही तर कशाला नेताय, असं कुणीतरी म्हणालंही, तर अक्कानं ताडकन सांगितलं की मला काय बघायचंय, मी ऐकायला चाललेय. थिएटरात अंधार झाला, पडद्यावर ओटा आला, ओट्यावर तो. आळीतल्यांनी शिट्ट्या मारल्या. मग पडद्यावरचं तोंड उघडलं आणि कुणीतरी दुसराच बोलला. भागवतला आधी वाटलं मशीन बिघडलं. मग वाटलं आपल्यालाच नीट ऐकू येत नाहीये. ओठ त्याचे, शब्द त्याचे, शब्दांचा वेग त्याचा, आणि आवाज एका दमलेल्या, चांगल्या, परक्या माणसाचा. आजूबाजूला कुणाच्या लक्षात आलं नाही. डोळ्यांनी चेहरा सांगितला की कान बिचारे मानून घेतात. एकटी अक्का त्याच्याकडे झुकून विचारत होती, "तू कवा येनार हायेस?" तो म्हणाला, हा काय, आलोय की, ओट्यावर बसलोय. ती पुन्हा ऐकत राहिली. मध्यंतरात तिनं पुन्हा विचारलं. सिनेमा संपला, लोकांनी भागवतला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि जीपमध्ये बसल्यावर अक्का त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "मानूस गोड बोलत हुता रं. पन तू न्हवतास."

त्यानं अश्विनीला फोन केला. ती म्हणाली, दादा, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं. वारा फार आला होता आवाजात, पण खोटं कशाला बोलू, वाऱ्याचं निस्तरता आलं असतं. "तुमच्या आवाजात हारच नाही हो, भागवतदादा. चेहरा सगळं हरलेल्या माणसाचा आणि आवाज काहीही विकून दाखवील असा. दोन्ही एका माणसात बसेनात." तिचं खरं होतं. पुढं पुण्यात सत्कार होता, तिथं आवाजवाला भेटला. ओम त्याचं नाव, चाळिशीचा, टक्कल पडलेला, सज्जन. वाकून पाया पडला आणि म्हणाला, मी तुमचा आवाज. मग त्यानं कौतुकानं सांगितलं की तुमच्या ओठांवर बसवताना माझी दमछाक झाली, कारण तुम्ही श्वास फार उशिरा घेता, वाक्य संपून गेलं तरी घेत नाही, मला सारखं थांबून पुन्हा करावं लागायचं. भागवत हसला. घरी येताना गाडीत त्याच्या लक्षात आलं की आपण श्वास कधी घेतो ते आपण बघतो आहोत. हात लोंबतो हे कळणं वेगळं, ते माणूस खिशात घालून निभावून नेतो. श्वासाचं काय करायचं. त्या रात्रीपासून त्याला श्वास आठवणीनं घ्यावा लागू लागला, आणि जे आठवणीनं करायचं ते तो वेळेआधीच करून मोकळा होऊ लागला.

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे त्याची प्रसिद्धी. शाळांची स्नेहसंमेलनं, गणपती मंडळं, टायरच्या दुकानाचं उद्घाटन, पतसंस्थेचा हळदीकुंकू समारंभ. बोलवायचे, हार घालायचे, माईक द्यायचे. पहिल्या दोन-तीन ठिकाणी तो आपल्या आवाजात बोलला. समोरचे चेहरे हळूच पडले. श्रीगोंद्याला एक म्हातारा मोठ्यानं म्हणालाच की हे ते नव्हेत, हे त्यांच्यासारखे दिसणारे कुणीतरी आणलेत. राग येण्याऐवजी भागवतला त्या म्हाताऱ्यासाठी वाईट वाटलं. तेव्हापासून तो मोबाईलवर ओमचं वाक्य लावायचा आणि मोटरसायकलवरून जाता-येता त्याच्यामागून म्हणायचा. गळा जरा आत ओढायचा, दम अर्धाच सोडायचा, 'हाय'वर तुटायचं. महिन्याभरात जमलं. लोक रडायला लागले. पहिल्यांदा एक बाई त्याच्या हातावर डोकं ठेवून रडली तेव्हा त्यालाही रडू आलं, आणि ते खरं आहे का ते बघायला तो आतल्या आत थांबला, आणि तोवर ते गेलं होतं. यार्डात मात्र त्या आवाजाचं काम नव्हतं. गोण्यांवर उभा राहून भाव पुकारायला लागला की तिसऱ्या बोलीला दम तुटे, फट पडे, व्यापारी हसून म्हणत, भागवतराव, जायचं कुठं. शेतकरी सेल्फी घेत, पण वक्कल शेजारच्या आडतीवर नेत. आडतदार भला माणूस, त्यानं कधी काढून टाकलं नाही. एक दिवस भागवतनंच जायचं बंद केलं. पुढं मालिका होत्या, जाहिराती होत्या. सगळीकडे तोच बाप, तोच ओटा, किंवा नुसताच कोपऱ्यात उभा, आणि आवाज नंतर कुणाचा तरी.

घरी अक्का. शूटिंगहून येऊन तो दारात "अक्का" म्हणाला की ती दचकून विचारायची, कोन हाय. पहिल्यांदा सगळे हसले. तिसऱ्यांदा दिपाली हसली नाही. ती म्हणाली, तुमी मला बी त्या सिनेमावानीच बोलताय आता, चहा मागितला तरी वाटतं कुनी गेलंय घरातलं. तो आवाज झटकायला बघे आणि आपला म्हणून जो आवाज काढे तो आणखीच खोटा निघे, शाळेतल्या नाटकात शेतकरी झालेल्या पोरासारखा. शेवटी एकच गोष्ट उरली होती जी बिघडली नव्हती. ती म्हणजे ओ. आई गेली तेव्हा भागवत चार वर्षांचा आणि अक्का अठराची. तिचं ठरत आलेलं लग्न त्याच्यापायी मोडलं आणि मग कधी ठरलंच नाही. तिन्हीसांजेला ती दारात उभी राहून हाक मारायची, भागवताऽ, आणि तो माळाच्या पलीकडून ओ द्यायचा. खेळ असा होता की ओ जो सुरू करायचा तो धावत घरात येऊन तिच्या लुगड्याला मिठी मारेपर्यंत तोडायचा नाही. बांध ओलांडायचा, विहिरीला वळसा घालायचा, छाती फुटायला यायची, तोंड लालबुंद, पण श्वास घ्यायचा तो तिच्या पोटात तोंड खुपसूनच. लिलावातला त्याचा दम तिथून आला होता. सिनेमानंतरही ती आतल्या खोलीतून हाक मारी आणि तो विचार न करता लांबलचक ओ देई, आणि ती म्हणे, हां, आलास. ओ देताना तो स्वतःला बघत नसे. बहुधा एवढ्यासाठीच, की ते अजून कुणी त्याला परत करायला लावलं नव्हतं.

सक्कर चौकातला उड्डाणपूल आला. खाली गाड्यांचा कल्लोळ. भागवतच्या मनात आलं की एकदा करून बघावं. करून बघावं असं मनात आलं इथंच काहीतरी नासलं, हे त्याला त्याच क्षणी कळलं, पण तोवर तोंड उघडलं होतं. त्यानं हळूच ओ दिला. तो दोन पावलांएवढाच निघाला आणि शेवटाला तुटला. त्यानं पुन्हा दिला, जरा मोठ्यानं. हा आधीच्यापेक्षा बरा होता, पण बरा कसा, तर रियाज केल्यासारखा. फैयाजनं वळून विचारलं, काय म्हणाले मामा. मग भागवतनं त्याला सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे, घरच्यांना जे सांगितलं नव्हतं ते. बहीण आंधळी आहे, जायला टेकली आहे, तिला फक्त माझा ओ ऐकायचा आहे, आणि तोच आता येत नाही. फैयाजचा चेहरा उतरला. त्यानं रिक्षाचा वेग वाढवला. मग म्हणाला, "द्या की मग, मामा. ओ द्यायला काय लागतं? आपल्या मानसानं हाक मारली की येतोच तो."

भागवत हो म्हणाला. केडगावपर्यंत त्यानं श्वास कधी घ्यायचा हे ठरवायचं नाही असं ठरवलं. कसा जाईन, कुठं उभा राहीन, तेही नाही. पण डोक्यात खाट येई, खाटेशी तो येई, उजेड खिडकीतून येई. तो खिडकीकडे पाठ करून उभा राही, मग ते बदलून तोंड करी. एक माणूस मरत होतं, ज्यानं त्याच्यापायी स्वतःचा संसार केला नाही असं माणूस, आणि हा मनातल्या मनात कुठं उभं राहायचं ते बघत होता. त्याला स्वतःची किळस आली. आरशात पाहिलं तर चेहऱ्यावर किळस उत्तम उमटली होती.

दवाखान्यात फैयाज पिशवी घेऊन वरपर्यंत आला. नको म्हटलं तरी आला. बायकांचा वॉर्ड, सहा खाटा, अक्काची दाराकडून तिसरी. दिपालीनं त्याला पाहिलं आणि नुसती बाजूला सरकली. अक्का कधी एवढीशी झाली होती कोण जाणे. उशीवर तोंड दाराकडे वळलेलं, उघडे डोळे दुधाळ, नाकात नळी. निकिता नावाची नर्स सलाईन बघत होती. तिनं मान वर केली, ती एकदम थबकली, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला हळूच काहीतरी म्हणाली. ते शब्द ऐकू आले नाहीत, पण वॉर्डातून सरकत गेले. एकेक मान वळली. कुणी मोबाईल काढला नाही, कुणी हसलं नाही. लोक चांगले होते, गप्प झाले होते. थिएटरात अंधार होताना होतात तसे गप्प. आणि त्या गप्पपणात अक्कानं हाक मारली. आवाज कुजबुजीएवढा, पण चाल तीच, तिन्हीसांजेची.

"भागवताऽ"

त्यानं श्वास घेतला. घेतला, हे त्याला कळलं. फार लवकर घेतला, ओठ उघडायच्या आधी, नवख्या माणसासारखा, आणि आता तो छातीत नुसता उभा राहिला. ओ येईना. वॉर्ड वाट बघत होता, दिपाली वाट बघत होती, आणि या सगळ्यांच्या मागं उभं राहून भागवत स्वतः भागवतची वाट बघत होता. मग त्याचं तोंड उघडलं, आणि गेल्या दोन वर्षांत ज्याची सवय होती तेच बाहेर आलं. घोगरं, दमलेलं, मध्ये तुटणारं. "अक्का, मी हितंच हाय."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं पदर डोळ्यांना लावला. अक्काच्या कपाळावर आठी पडली. ती कानांनी बघायची तशी जरा थांबली, आणि मग पाहुण्यांशी बोलायची तशी अदबीनं, अडखळत म्हणाली, "दिपाली, खुर्ची दे त्यांना. सिनेमातलं पाव्हनं हायती. आमचा भागवत यार्डात गेलाय. येईल इतक्यात."

दिपालीनं खुर्ची दिली नाही. ती भागवतकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. तो खाटेजवळ गेला, अक्काचा हात हातात घेतला. हातावरून तरी कळेल. पण हात अक्कानं सौजन्यानं सोडवून घेतला, परक्या पुरुषाच्या हातातून बाई सोडवून घेते तसा, आणि तोंड पुन्हा दाराकडे केलं. तिचा श्वास आता वरच्या वर चालला होता. निकितानं मनगट धरलं आणि दिपालीला मानेनं खुणावलं. भागवतला वाटत होतं ओरडावं, यार्डात ओरडायचा तसं, भाव पुकारावा, छत उडवून द्यावं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. आतून कुणीतरी शांतपणे सांगत होतं, काही करू नका, फक्त बघा.

"भागवताऽ", अक्का पुन्हा म्हणाली. हाक त्याच्या अंगावरून दाराकडे गेली.

दारात फैयाज उभा होता. हातात भागवतची पिशवी आणि चेपलेला पेढ्यांचा पुडा. त्याला आत काय घडलं ते कळलं होतं की नाही, कोण जाणे. मरणारी म्हातारी आपल्याकडे तोंड करून हाक मारतेय आणि कुणी ओ देत नाहीये, एवढं त्याला दिसलं, आणि ते काही त्याला बघवलं नाही. "ओऽऽऽ", त्यानं ओ दिला. स्टँडवरचा तोच दम, भरलेला, मोकळा, कुठंही न तुटणारा. तो खाटेपर्यंत चालत आला तरी ओ चालूच होता, आणि खाटेशी येऊन थांबल्यावरच त्यानं श्वास घेतला.

अक्काच्या कपाळावरची आठी गेली. "हां," ती म्हणाली, "आलास. संपला लिलाव?"

फैयाज घाबरला. त्यानं भागवतकडे पाहिलं, आपण हे काय करून बसलो असं त्याच्या तोंडावर होतं. भागवतनं त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली. बोला, चालू द्या.

"संपला, अक्का."

"भात टाकते मग."

"टाका, अक्का," फैयाज म्हणाला. "लई भूक लागली."

तिनं हात पुढं केला. फैयाजनं पुडा आणि पिशवी खाली ठेवली आणि तो हात धरला. तो तिनं सोडवून घेतला नाही. मागून दिपालीनं खुर्ची आणून ठेवल्याचा आवाज झाला आणि भागवत त्या खुर्चीवर बसला. अक्का आणखी काही पुटपुटत होती, फैयाज हो हो म्हणत होता, कधी आलो म्हणत होता, कधी इथंच हाय म्हणत होता. भागवत बघत होता. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की फैयाजच्या प्रत्येक शब्दाबरोबर आपले ओठ हलताहेत, आणि अगदी बरोबर बसताहेत.